निरोगी डोळ्यांच्या गटात मी

४ फेब्रुवारी

आज सकाळी बंधुराजांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बंधुराज म्हणजे माझा धाकटा भाऊ. वयाने साठीला टेकलेला, वागण्याने सहावीतला. काचबिंदूने त्याचा डावा डोळा जवळजवळ गेला आहे आणि उजव्यातही खालून अंधार चढतो आहे. धंदा पुस्तकबांधणीचा, त्यामुळे सुरी कुठे आहे हे हल्ली त्याला बोटाला विचारावं लागतं. तरी थेंबांची आठवण मी करायची, तारखा मी सांभाळायच्या, आणि हा मोटारीत शेजारी बसून शीळ घालणार.

पण आजची खेप वाया गेली नाही. एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. त्या इथे नवीन अभ्यास सुरू करताहेत. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या चेतापेशींच्या तारा एकत्र वळून मेंदूकडे जातात. काचबिंदूत या पेशी एकेक करून मरतात, आणि मेलेली पेशी परत येत नाही. थेंबांनी डोळ्यातला दाब उतरतो, पण काही जणांचा दाब उतरूनही नजर उतरतच राहते. म्हणून दाबाचं थेंबांवर सोपवून, पेशीलाच तग धरायला शिकवायचं, तिला लागणारी ताकद गोळीतून पुरवायची, असा विचार आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना पोकळ, म्हणजे आत औषधच नसलेली. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसणार.

मी म्हटलं, "चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी दामटली की इंजिन आचके देऊन बंद पडतं, तसंच ना? आजवर तुम्ही चढ कमी करत होता, आता इंजिनाला बळ देणार."

बाई हसल्या. हे उदाहरण पुढच्या माणसाला देईन म्हणाल्या. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे हे मग त्यांना सांगावंच लागलं. कित्येक वर्षांत ते कुणी विचारलेलं नाही. मोटार शिकवणाऱ्या बाईला लोक फक्त क्लचबद्दल विचारतात.

निघताना त्यांनी माझे डोळे तपासलेत का असं विचारलं, हा आजार भावंडांत उतरतो म्हणाल्या. मी खिडकीतून समोरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचून दाखवला. त्यांनी पुढे काही विचारायच्या आत बंधुराजांना घेऊन बाहेर पडले, गाडी चुकीच्या जागी लावली होती.

६ फेब्रुवारी

मैदानावर लाल प्लास्टिकचे शंकू लावून वळणं शिकवली. सध्या एकच विद्यार्थिनी आहे, बँकेतून निवृत्त झालेली. तिला मी मनात बँकवाली म्हणते. हात ताठ, मान ताठ, पण डोकं शांत. कसं वळायचं ते दाखवायला मी स्वतः चाकावर बसले आणि डाव्या हाताचा शंकू चिरडला. वाऱ्याने सरकला असणार. हलके शंकू घेण्यात अर्थ नसतो हे मी दुकानदाराला तेव्हाच सांगितलं होतं.

एवढं सोडलं तर दिवसभर डोक्यात पेशीच होत्या. जुनं पाठ्यपुस्तक माळ्यावरून काढलं. डोळ्याच्या आकृतीत मीच केलेल्या लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या काळच्या पुस्तकात या पेशींबद्दल दोन ओळी आहेत, आणि त्यांना वाचवता येईल असं कुठेही नाही. माझ्या हयातीत ते बदलतं आहे आणि मला त्यात आमच्या घरचा माणूस बसवायचा आहे.

९ फेब्रुवारी

बंधुराज नाही म्हणतात.

त्याच्या कामाच्या खोलीत तासभर वाद घातला. त्याचं म्हणणं, निम्मे पोकळ गोळ्या खाणार, म्हणजे नाणं उडवण्यासारखं आहे, आणि त्याचं नशीब कुठल्या बाजूला पडतं हे जगाला ठाऊक आहे. मी म्हटलं, थेंब बंद करायचे नाहीतच, म्हणजे गमवायचं काय आहे? तर म्हणे, आशा. आशा गमवायला फार महाग पडते. हा माणूस पुस्तकं बांधता बांधता वाचतो, तिथेच बिघडला.

"तुझा एक डोळा उरलाय," मी सांगितलं. "तो गेल्यावर कातडं कोण कापणार?"

"बायको कापेल. तसंही तिला माझं कातडं सोलायची हौस आहे."

भावजय आतून म्हणाली, की हौस आहे पण वेळ मिळत नाही.

रागाने उठताना टेबलाच्या कडेला ठेवलेला खळीचा डबा माझ्या हाताने पडला. त्याच्या टेबलाची शिस्त नेहमीचीच. एरवी अशा वेळी तो दोन टोमणे हमखास मारतो. आज काही बोलला नाही. फरशीवर पसरलेल्या खळीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

निघाले तर जिन्यापर्यंत पोचवायला आला. त्याने मला पोचवण्याची प्रथा नाही. वरून विचारतो, "ताई, तू कठडा कधीपासून धरायला लागलीस?"

मी म्हटलं, त्याच्या जिन्यावर दिवा नीट लागायला लागला की सोडीन.

१० फेब्रुवारी

बँकवालीला पहिल्यांदा वाहत्या रस्त्यावर काढलं. छान चालवत होती, आणि एकाएकी करकचून ब्रेक. मागच्याने भोंगा वाजवला. मी तिला झाडलं, कारण नसताना ब्रेक मारणं हा अपघाताचा पाया आहे वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, कुत्रं."

कुठलं कुत्रं, असं मी म्हणते आहे तोवर बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याखालून एक बुटकं, पांढरं कुत्रं निघालं आणि आमच्याकडे न बघता पलीकडे गेलं.

बाईची नजर चांगली आहे. ब्रेकआधी आरसा बघायचा हे मात्र पुन्हा शिकवावं लागेल.

१३ फेब्रुवारी

झालं. बंधुराज तयार.

मात्र अट घालून. अभ्यासात तुलनेसाठी निरोगी डोळ्यांची माणसंही लागतात, रुग्णांच्याच वयाची. त्यांच्या सगळ्या तपासण्या होतात, गोळी मिळत नाही. ही माहिती डॉक्टरीणबाईंकडून त्यानेच फोन करून काढली. ज्या माणसाला दूधवाल्याला फोन करायचा कंटाळा येतो त्याने. आता म्हणतो, ताई निरोगी गटात बसणार असेल तरच मी रुग्णांच्या गटात बसेन. नाहीतर राहिलं.

मी म्हटलं, मला काय धाड भरली आहे? तर म्हणे, तेच तर, धाड न भरलेलीच माणसं त्यांना हवी आहेत.

हे लहानपणापासूनचं आहे. टोचून घ्यायला आधी ताईने बाही वर करायची, मग हा. ठीक आहे. मला तर यात आनंदच आहे. शास्त्राला माझा उपयोग होतो आहे, तोही काही न गिळता.

१४ फेब्रुवारी

भावजयीने आज सहज सांगितलं, "वन्सं, हे तर परवाच एकटे जाऊन संमतिपत्रावर सही करून आले."

म्हणजे आधी सही केली आणि मग मला अट घातली. मला कामाला लावण्यात या माणसाला कसला आसुरी आनंद मिळतो कोण जाणे.

२० फेब्रुवारी

आज माझ्या तपासण्या. सकाळपासून परीक्षेला निघाल्यासारखी हुरहूर होती. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली, उलटी वाचू का असंही विचारलं. दाब मोजला, तो नेहमीच्या मर्यादेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या दाबावर त्या काही ठरवत नाहीत. मी म्हटलं, योग्यच आहे.

मग नजरेचा आवाका मोजणारं यंत्र. एक डोळा झाकायचा, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या वाडग्यासारख्या पडद्यात मधल्या दिव्याकडे बघत राहायचं. कडेकडेने बारीक ठिणग्या चमकतात. दिसली की हातातलं बटण दाबायचं. यंत्रावर एक तपासनीस बसतात. माणूस माझ्याच वयाचा, सर्दी झालेला आणि अत्यंत कंटाळलेला.

पहिल्याच मिनिटाला ते म्हणाले, नजर मधल्या दिव्यावर ठेवा. मी म्हटलं, ठेवली आहे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी त्यांनी यंत्रच थांबवलं.

"बाई, तुम्ही ठिणगी शोधायला जाता. जायचं नाही. ती येते."

मी त्यांना समजावलं. माझा सगळा जन्म आरसा, डावीकडे, रस्ता, उजवीकडे, पुन्हा आरसा यात गेला. जो एका जागी बघत राहतो त्याला मी गाडीतून उतरवते. नजर खिळवून ठेवणं हा माझ्या धंद्यात गुन्हा आहे. ते म्हणाले, इथे न खिळवणं हा गुन्हा आहे. आणि कागदावर 'अविश्वसनीय' असा शेरा मारला.

यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ निकाल ग्राह्य नाही एवढाच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तरी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले. बंधुराज बाहेर बाकावर बसून होता. मी काय घडलं ते सांगितल्यावर हसेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "मग पुन्हा देशील ना?"

अर्थात देणार. मंगळवारची वेळ घेतली आहे.

२४ फेब्रुवारी

तीन दिवस सराव केला. भिंतीवर एक काळी टिकली चिकटवून तिच्याकडे बघत बसायचं, बाकी जग जळलं तरी मान वळवायची नाही. किती कठीण आहे. शिकाऊ माणसांना मी "हे काय, सोपं आहे" म्हणते ते आता म्हणणार नाही.

आज मात्र खिळा ठोकल्यासारखी नजर ठेवली. तपासनीस एकदाही बोलले नाहीत. उलट शेवटी म्हणाले, "असं पाहिजे." या माणसाकडून हे पदक समजायचं.

यंत्राबद्दल तक्रार आहे ती मी त्यांना सांगितली. ते मधूनच झोपतं. ठिणग्या भराभर येतात आणि मग बराच वेळ काहीच नाही, नुसती खटखट ऐकू येते. एवढ्या महागाच्या यंत्राला असं होऊ नये. तपासनीसांनी नाक पुसलं आणि डॉक्टर बोलतील म्हणाले. डाव्या डोळ्याच्या वेळी झोप जास्त होती.

घरी येताना बंधुराजांना पेशींवर व्याख्यान दिलं. त्याने शीळ घातली नाही, सगळं ऐकलं. अभ्यास सुरू होतो आहे म्हणून मी इतकी खूश आहे, की भावजयीने विचारलं, वन्सं, गोळ्या तुम्हीच घेणार आहात का?

२७ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी दोन नकाशे समोर ठेवले, एकेका डोळ्याचा. मध्यभाग पांढरा. त्याखाली कमानीसारखा काळा पट्टा, उजव्यात पुसट, डाव्यात गडद. मी म्हटलं, यंत्र झोपतं, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, यंत्र झोपत नाही. जिथे तुम्हाला वाटलं काही येत नाही, तिथे ठिणग्या येत होत्या.

मी वाद घातला. कागद बंधुराजांच्या कागदांत मिसळला असेल. तारीख बघा. नाव बघा. त्यांनी दोन्ही दाखवलं, मग पडद्याचं छायाचित्र दाखवलं. तारांचा जो थर जाड असायला हवा तो वरच्या बाजूला झिजलेला आहे. तिथला थर खालचं बघतो. हे मला पाठ्यपुस्तकातूनच माहीत होतं, त्यामुळे तिथे वाद घालता आला नाही.

तरी त्यांनी आणखी एक केलं. "उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा. फक्त नाकाकडे. आता माझ्या हातात काय आहे?"

मी म्हटलं, हात कुठे आहे?

मग खाली बघितलं. त्यांचा हात माझ्या समोर होता आणि त्यात पिवळं पेन होतं. पुन्हा नाकाकडे बघितलं आणि पेन गेलं. अंधार नाही, भोक नाही, काहीच नाही. जिथे पेन होतं तिथे त्यांच्या पांढऱ्या कोटाचं कापड सलग दिसत होतं. मेंदूने मला न विचारता रफू केलं होतं, आणि इतकं बेमालूम, की शिंप्याला हार घालावा.

पाच-सहा वेळा वरखाली बघितलं. पेन, कापड. पेन, कापड. बाईंनी घाई केली नाही.

त्या म्हणाल्या, "तुमची नजर सारखी फिरते म्हणून तुम्ही इतके दिवस निभावलंत. दुसऱ्या कुणाला जिन्याने केव्हाच सांगितलं असतं."

म्हणजे ज्या सवयीच्या जोरावर लोकांना परवाने मिळवून दिले, तिनेच हे माझ्यापासून लपवलं.

बंधुराज बाहेर उभा होता. मी काही सांगण्याआधी त्याने मोटारीची किल्ली मागितली. तो तर चालवूच शकत नाही. त्याने किल्ली खिशात टाकली आणि टॅक्सीला हात केला.

२८ फेब्रुवारी

शंकू. खळ. कुत्रं.

वाऱ्याने काहीही सरकलं नव्हतं.

१ मार्च

सकाळी उठून पहिली गोष्ट केली ती म्हणजे बँकवालीला फोन. मी आजारी आहे, असं सांगता आलं असतं. पण आरसा बघितल्याचं नाटक करू नका, असं मीच तिला शिकवते. म्हणून सरळ सांगितलं, की मला खालचं दिसत नाही, तुमच्या शेजारी बसून मी ब्रेकवर पाय ठेवण्यात अर्थ नाही, दुसऱ्या शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवलं आहे, त्या कडक आहेत पण माझ्याइतक्या नाहीत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कुत्रं तुम्हाला दिसलंच नव्हतं."

"नाही. आणि मी तुम्हाला त्यावरून झाडलं. ब्रेक बरोबर होता."

"आरसा मात्र मी खरंच बघितला नव्हता," ती म्हणाली.

शिष्या चांगली आहे. फोन ठेवल्यावर, दवाखान्यापासून माणसाकरवी आणवलेल्या मोटारीवर कापड घातलं. दोन्ही डोळ्यांची मिळून एक चाचणी असते, ती होईपर्यंत चाकावर बसायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. चाचणीत पास झाले तर माझ्यापुरती चालवीन कदाचित. शिकवणार नाही, हे मी ठरवलं, त्यांनी नाही.

कापड घालताना रडू आलं. गॅरेजात कुणी नव्हतं.

५ मार्च

निरोगी गटातून माझं नाव कमी झालं. ते होणारच होतं. पण आज डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं त्याने मी पायऱ्या जवळजवळ धावत उतरले. (कठडा धरून.)

माझ्या बहुतेक पेशी जिवंत आहेत. झिजला आहे तो एक पट्टा, बाकीचा पडदा शाबूत. उशिरा आले असते तर उशीर झाला असता, आता नाही. थेंब सुरू झालेच आहेत. आणि अभ्यासाला अशीच माणसं हवी आहेत, ज्यांचं वाचवण्यासारखं पुष्कळ उरलं आहे. मी रुग्णांच्या गटात बसू शकते. बाई विचार करा म्हणाल्या. मी म्हटलं, विचार चार फेब्रुवारीलाच करून झाला आहे, फक्त दुसऱ्या माणसासाठी. सही केली.

पोकळ गोळी मिळाली तर? तर ती मी काटेकोरपणे घेईन, इतकी काटेकोर की पोकळ गोळीला लाज वाटेल. कुणीतरी पोकळ खाल्ल्याशिवाय खरीचा खरेपणा कळणार नाही. पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळींची तीन व्हायची असतील तर तिसऱ्या ओळीत मी कुठल्या गटात होते याने काय फरक पडतो?

संध्याकाळी बंधुराजांकडे गेले. म्हटलं, मी निरोगी गटातून बाहेर पडले, तुझी अट मोडली, आता तू मोकळा आहेस, हवं तर जाऊ नकोस.

तो एका जाड पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होता. मान वर न करता म्हणाला, "अट मोडली नाही. पुरी झाली."

भावजय एकाएकी स्वयंपाकघरात गेली. मी खळीचा डबा टेबलाच्या मध्ये सरकवून ठेवला.

१६ मार्च

आज आम्हा दोघांना बाटल्या मिळाल्या. सारख्याच, वर आकडे. बंधुराज म्हणाला, अर्ध्या अर्ध्या वाटून घेऊ, म्हणजे दोघांचा निम्मा निम्मा फायदा. मी त्याला दवाखान्यातच असं बोलले, की तपासनीसांची सर्दी थांबली. शास्त्राचा खेळ करायचा नाही. पहिली गोळी दोघांनी एकाच वेळी, बाकावर बसून, पाण्याच्या एकाच ग्लासाने घेतली. तो आधी माझ्याकडे बघत थांबला. लहानपणची बाही वर करायची पाळी. मी गिळली, मग त्याने.

चव काही नाही. खरीला असते की पोकळला, देव जाणे. मला तर पोटातून वर गरम लाट गेल्यासारखं वाटलं, पण ती उत्साहाची असणार. इतक्या लवकर पेशीपर्यंत काही पोचत नाही, एवढं प्राणिशास्त्र मला येतं.

घरी चालत आलो. मी त्याला वाटेत धडा दिला. समोर, खाली, डावीकडे, पुन्हा खाली. नजर एका जागी ठेवायची नाही, पण आता ती का फिरवतो आहोत हे ठाऊक ठेवून फिरवायची. तो विद्यार्थी म्हणून वाईट आहे, सारखा दुकानांच्या पाट्या वाचतो. मी बोलत राहिले. रस्ता ओलांडताना हात धरला, त्याने माझा की मी त्याचा, ते सांगता येणार नाही. दोघांचे मिळून तीन डोळे, आणि त्यांतला एकही पूर्ण नाही. तरी इतकं ऊन, इतकी माणसं, इतक्या गाड्यांचे नंबर, सगळं दिसत होतं. मी दहा-बारा नंबर मोठ्याने वाचले. तो म्हणाला, लोक बघताहेत. मी म्हटलं, बघू देत, त्यांच्या पेशी आहेत.

पलीकडच्या पदपथाशी आल्यावर तो म्हणाला, "ताई, पायरी."

मी म्हटलं, दिसली. दिसली नव्हती. पण त्याने सांगितल्यावर खाली बघितलं आणि दिसली, म्हणजे दिसलीच.